मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे हक्क आणि त्यांना मिळणारी सेवा यांविषयी भारतीय संसदेने संमत केलेला कायदा आहे. या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरवला आणि ती पुरवण्याचे कायदेशीर कर्तव्य केंद्र व राज्य शासनांवर सोपवले. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र मानसिक ताणाखाली असलेली व्यक्ती म्हणून पाहावे, असे गृहीतकही याच कायद्याने आणले. हे विधेयक राज्यसभेने ८ ऑगस्ट २०१६ रोजी आणि लोकसभेने २७ मार्च २०१७ रोजी संमत केले. त्यास ७ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २०१८ मध्ये तो अमलात आला. त्यात १६ प्रकरणे व १२६ कलमे आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटिश काळातील १९१२ च्या ‘इंडियन लुनसी ॲक्ट’चा भर रुग्णाला समाजापासून दूर, बंदिस्त ठेवण्यावर होता. त्याची जागा घेणारा मानसिक आरोग्य अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला व १९९३ मध्ये लागू झाला. या कायद्यात रुग्णालयांचे परवाने आणि रुग्णांना दाखल करण्याची कार्यपद्धती यांचा तपशील होता. मात्र सेवा मिळण्याचा हक्क त्यात नव्हता.

दरम्यान शासनाच्या जबाबदारीचा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार येत राहिला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य असल्याचे स्पष्ट केले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेच्या साहाय्याने देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली. तिचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. एरवाडीच्या दर्ग्यामुळे तेथे मनोरुग्णांना आणण्याची प्रथा होती. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले असल्याने त्यांना बाहेर पडता आले नाही आणि २५ हून अधिक जण मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. मनोरुग्णांना बांधून ठेवणे बेकायदा आहे व त्यांना धार्मिक स्थळी न नेता डॉक्टरांकडे न्यावे, याविषयी ग्रामीण भागात जनजागृती करण्याचे आदेश २००२ मध्ये केंद्र व राज्यांना देण्यात आले.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास मान्यता दिली. त्यामुळे देशांतर्गत कायदा या कराराशी सुसंगत करणे आवश्यक झाले. नव्या कायद्याचा मसुदा तयार होत असताना पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’ या केंद्रातील तज्ज्ञांनी केंद्रीय आरोग्य मंत्रालयास साहाय्य केले. विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मांडले गेले.

सेवेचा हक्क व शासनाचे कर्तव्य

कलम १८ हा या कायद्याचा गाभा मानला जातो. शासन चालवत असलेल्या किंवा शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांतून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क त्यानुसार प्रत्येक व्यक्तीला आहे. ही सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची, पुरेशी, घरापासून जवळ आणि भेदभावविरहित असली पाहिजे. बाह्यरुग्ण व आंतररुग्ण उपचार, रुग्णालय आणि घर यांमधल्या टप्प्यावरची निवारागृहे, पुनर्वसन आणि बालके व वृद्धांसाठीच्या सेवा यांचा किमान सेवांत समावेश आहे. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसल्यास रुग्णाला त्याच जिल्ह्यातील अन्य मानसिक आरोग्यसेवा घेता येते आणि तिचा खर्च शासनाने सोसावयाचा असतो. दारिद्र्यरेषेखालील तसेच बेघर व्यक्तींना शासकीय सेवा निःशुल्क आहे.

कलम २१ नुसार शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही आरोग्यविम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. कलम ३१ नुसार लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी शासनाला १० वर्षांची मुदत आहे. कायदा २०१८ मध्ये लागू झाल्याने ही मुदत २०२८ मध्ये पूर्ण होते.

संकटकाळातील सेवा

कलम ९४ हे तातडीच्या उपचारांविषयी आहे. रुग्णाच्या जिवाला धोका असल्यास, तो स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करण्याची शक्यता असल्यास कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक रुग्णालयात किंवा रुग्ण असेल त्या ठिकाणी उपचार करू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावी लागते. हे उपचार ७२ तासांपुरते किंवा मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णाची तपासणी होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच करता येतात. विजेच्या झटक्याचे उपचार तातडीचा उपचार म्हणून देता येत नाहीत.

कलम १०० पोलिसांची कर्तव्ये सांगते. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असलेली व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षण देणे आणि २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. अशा व्यक्तीला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही.

आत्महत्येच्या प्रयत्नाविषयीची तरतूद

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले व १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. मात्र १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे कलम वैध ठरवले.

२०१७ च्या अधिनियमातील कलम ११५ ने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवता येत नाही. तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची तजवीज करून पुन्हा असा प्रयत्न होण्याचा धोका कमी करणे, हे याच कलमान्वये शासनाचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न कलम २२६ नुसार गुन्हा आहे.

रुग्णाचे हक्क

भविष्यात आजारपणात कोणते उपचार करावेत वा करू नयेत, हे प्रौढ व्यक्तीला आधीच लेखी नमूद करून ठेवता येते. आपल्या वतीने निर्णयात साहाय्य करणारा प्रतिनिधीही तिला नेमता येतो. रुग्णाला साखळदंडाने बांधणे, भूल व स्नायू शिथिल करणारी औषधे न देता विजेचे झटके देणे आणि आजारावरील उपचार म्हणून नसबंदी करणे यांवर कलम ९५ नुसार बंदी आहे. कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही संस्थेत ठेवता येत नाही, असे कलम १९ सांगते.

देखरेखीची यंत्रणा

कायद्याने केंद्रीय व राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणे आणि जिल्हा पातळीवरील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळे अशी रचना केली आहे. प्राधिकरणे संस्थांची नोंदणी करतात व दर्जा ठरवतात. मंडळाचे अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेच्या न्यायिक अधिकाऱ्याकडे असते. सदस्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मानसोपचारतज्ज्ञ, वैद्यकीय व्यावसायिक तसेच रुग्ण, काळजीवाहक किंवा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असतात. सेवेतील त्रुटींविषयी प्रथम संस्थेच्या प्रमुखाकडे, त्यानंतर मंडळाकडे दाद मागता येते. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येते.

अंमलबजावणी

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले. देशात एक लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ असल्याचे संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३ मध्ये नमूद केले. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ ही दूरध्वनीवरील निःशुल्क समुपदेशन सेवा सुरू केली. ती १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी शैक्षणिक संस्था व खासगी शिकवणी वर्गांकरिता मार्गदर्शक सूचना दिल्या.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्रात येरवडा (पुणे), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. विदर्भ व मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्या गावोगावी ताणाची लक्षणे असलेल्या व्यक्तींचा शोध घेतात. बरे होऊनही वर्षानुवर्षे मनोरुग्णालयांत राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्या सुनावणीत न्यायालयाने राज्य प्राधिकरणाच्या कामकाजाविषयी शासनाकडून जाब मागितला. गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्था ही प्रमुख शासकीय संस्था आहे.

टीका

शासनाचे कर्तव्य कायद्याने निश्चित केले असले, तरी त्यासाठी किती निधी असावा हे त्यात सांगितलेले नाही. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील, तर मनोविकृती हा समवर्ती सूचीतील विषय आहे. त्यामुळे सेवेच्या अभावाबद्दल नेमके कोण उत्तरदायी, हा प्रश्न केंद्र व राज्य यांच्यामध्ये अनुत्तरित राहतो. दंडाच्या तरतुदी प्रामुख्याने नोंदणीविना चालणाऱ्या संस्था आणि कायद्याचा भंग करणाऱ्या व्यक्ती यांच्याविषयी आहेत. वाढलेली कागदोपत्री कामे व कुटुंबीयांची मर्यादित झालेली भूमिका यांवर काही मानसोपचारतज्ज्ञांनी आक्षेप घेतला आहे. पुनर्विलोकन मंडळे सर्व जिल्ह्यांत कार्यरत नसतील, तर तक्रारीचा हक्क कागदावरच राहतो, असे कायद्याच्या अभ्यासकांचे मत आहे.