आधी पैसे की आधी ताट? खानावळीतल्या खाड्याची गोष्ट



मागच्या डिसेंबरात आपल्या प्रभागातल्या गटांची सहल एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेली होती. तिकिटातच जेवणाचे पैसे धरलेले होते. दारातच प्रत्येकीच्या मनगटाला एक पट्टा बांधला. पट्टा दाखवायचा आणि जेवायचं, एक नाश्ता, एक जेवण, एक चहा. जेवणाची वेळ बारा ते तीन. आमच्यातल्या एकीच्या मुलाला मोठ्या पाळण्यात बसून उलट्या झाल्या. त्याला सावलीत निजवून ती त्याच्या उशाशी बसली. ती काउंटरवर पोचली तेव्हा सव्वातीन झाले होते. "वेळ संपली, मॅडम." मग पैसे परत द्या. "ते तिकिटात असतात, परत मिळत नाहीत." शेवटी बाहेर येऊन तिनं वडापाव विकत घेतला. पट्टा मनगटाला तसाच होता.

परतीच्या गाडीत हाच विषय. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या एक आजी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "माझ्या आयशीच्या खानावळीत कोण जेवाक नाय आला, तर ती त्याचा खाडा धरी. ह्यांच्याकडे खाडा नाय काय गो?"

सगळ्या हसल्या. पण आम्ही तो शब्द घेऊनच घरी आलो. कारण गेल्या वर्षी आपल्या एका गटाला डब्याच्या धंद्यात जो फटका बसला, त्याचं मूळही तिथंच आहे. जेवणाचे पैसे आधी घ्यायचे की नंतर? आणि जे जेवण कोणी जेवलंच नाही, त्याचे पैसे कोणाचे? आज ह्या प्रश्नाचा इतिहास बघू. तो फार लांबचा नाही, आपल्याच माणसांचा आहे.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली आणि १८५६ साली ती सुरू झाली. मग गिरण्या वाढत गेल्या आणि आपल्या कोकणातले बापे तिकडं जाऊ लागले. १९११च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येत असे, तो १९८१ साली वेगळा झाला. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ साली, म्हणजे तेव्हा रेल्वे नव्हतीच. माणसं बोटीनं जात. धक्क्यावर निरोप द्यायला आलेल्या बायका परत फिरत आणि शेताला लागत.

कारण बहुतेक बापे एकटेच जात. बायको गावाला राही. भात लावायचं, गुरं राखायची, सासूसासरे बघायचे, खोताचं देणं द्यायचं. मुंबईच्या पगारात तिथं सगळं कुटुंब नेऊन ठेवणं परवडतही नसे. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी ह्या भागांत एकेका लहान खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण राहत. एका पाळीचे कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर झोपत. अशा खोलीत चूल पेटवणार कोण? म्हणून खानावळ.

खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतल्या एका बाईची राहती खोली, तीच खानावळ. कुणाच्या नवऱ्याचं काम सुटलेलं, कुणाचा आजारी, कुणी विधवा, कुणी टाकलेली. हाताला दुसरं काम नाही, पण रांधता येतं. मग ती आपल्या गावचे, आपल्या भावकीतले चार जण जेवायला ठेवी. चाराचे दहा होत, दहाचे वीस. खानावळी जातीजातीच्याही वेगळ्या असत, हेही सांगायला हवं. कोण कुणाच्या हातचं खातो हा प्रश्न गावाहून बोटीत बसून मुंबईला गेलाच होता.

आजी सांगतात, "सकाळच्या पाळीवाल्यांका पाचच्या आधी भाकरी लागे. ते जेवून गेले की रातपाळीचे येत. आय निजे कधी, ह्या आमका कधी कळलाच नाय." पहाटे पाण्याच्या रांगेत उभं राहायचं, मग भाकऱ्या, भात, आमटी, कधी सुक्या माशाचं कालवण, आणि रविवारी काहीतरी वेगळं. पोरं त्याच खोलीत, ताटांच्या मधून वाट काढत वाढायची.

गटातल्या मैत्रिणींना गंमत वाटेल असा एक शब्द इथं येतो. आज भिशी म्हटलं की आपल्याला पैशांची भिशी आठवते. पण त्या काळच्या मुंबईत सगळ्यांनी मिळून खर्च काढून चालवलेल्या जेवणालाही भिशी म्हणत. म्हणजे ह्या शब्दात जेवण आणि वर्गणी एकत्र नांदून गेली आहेत.

आता पैशाकडे येऊ. गिरणीतला पगार महिना भरल्यावर मिळे, तोही लगेच नाही. पगार उशिरा देण्याची रीत इतकी जुनी होती, की १९३६ साली त्यासाठी कायदाच करावा लागला. हजाराहून कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर ७ दिवसांत आणि मोठ्या कारखान्यात १० दिवसांत पगार द्यायचा, असं त्यात ठरलं. म्हणजे कायदा पाळला तरी पहिल्या तारखेला जेवायला बसलेल्या कामगाराचे पैसे खानावळवालीच्या हातात चाळीस दिवसांनी पडत. तोवर रोजची भाकरी येई कुठून? ती येई वाण्याच्या उधारीतून.

इथं आपण जरा थांबू. गिरणीवाल्यानं कामगाराचं काम आधी घेतलं, पगार नंतर दिला. कामगारानं बाईचं जेवण आधी खाल्लं, पैसे नंतर दिले. बाईनं वाण्याकडून तांदूळ आधी आणला आणि त्यावर व्याज भरलं. एवढ्या मोठ्या गिरणीचा महिनाभराचा भार शेवटी येऊन टेकला तो दहा बाय दहाच्या खोलीतल्या एका बाईच्या खांद्यावर. वाणी उधार देई, पण भाव त्याचा आणि माल त्याचा. तांदळात खडे निघाले तरी बोलायची सोय नाही. सावकाराकडे भांडी जात, मणी जात.

आणि खाडा? खाडा म्हणजे गैरहजेरी. गिरणीत खाडा पडला की कामगाराचा पगार कापला जाई. खानावळीत खाडा पडला की त्याचं बिल कमी होई. म्हणजे तोच शब्द एका दारात कामगाराच्या विरुद्ध आणि दुसऱ्या दारात त्याच्या बाजूनं. कामगार गणपतीला, शिमग्याला गावी आला की तेवढे दिवस खाड्याचे. आजींची आई लिहायला शिकलेली नव्हती. ती दाराच्या आड भिंतीवर कोळशानं रेघा मारी आणि महिनाअखेर मुलगी त्या वहीत उतरवी. अशी ही सगळ्यांत गरीब खानावळ न जेवलेल्या जेवणाचे पैसे घेत नसे.

आपल्या आज्यांच्या हातात गावाला जी मनीऑर्डर पडे, ती ह्या हिशेबानंतरची. खानावळीचे पैसे आधी वजा, मग उरलेले गावाला. मुंबईतली एक बाई आपल्या आजोबांना जेवू घालत होती आणि इकडं आपली आजी भात लावत होती. दोघींनी एकमेकींना कधी बघितलं नाही, पण दोघींचा संसार एकाच पगारावर चालला होता.

ह्या खानावळवालीकडे कामगार म्हणून बघितलं ते प्रेमा पुरव यांनी. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुढं मुंबईच्या कामगार चळवळीत काम करत होत्या. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि बँकांनी गरिबांनाही कर्ज द्यावं असं सरकार सांगत होतं. पण तारण म्हणून ठेवायला काही नसलेल्या बाईला बँकेच्या दारात कोण उभं करणार? प्रेमाताईंनी ह्या बायकांना एकत्र केलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं. वाण्याची उधारी फिटली, रोखीनं माल घेता येऊ लागला. पुढं त्यांची मुलगी मेधा पुरव सामंत यांनी १९९३ पासून पुण्यातल्या वस्त्यांमध्ये हे काम वाढवलं. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

आज आपण गटात एकमेकींच्या भरवशावर कर्ज उचलतो, तेव्हा बँकेच्या माणसाला ते नेहमीचं वाटतं. गिरणगावातल्या ह्या बायका ते पन्नास वर्षांपूर्वी करून बसल्या होत्या, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

पण कर्ज स्वस्त झालं तरी आधी ताट वाढायचं आणि पैसे नंतर, ही रीत तीच राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते होते आणि सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. हा संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. पगार बंद म्हणजे खानावळीचे पैसे बंद. आजी म्हणतात, "उपाशी माणसाक दारातून परत कसा धाडायचा? आपल्याच गावचे ते." त्यांच्या आईनं जमेल तितके महिने वाढलं. मग कामगार गावाकडे परतू लागले. काहींनी पुढं गणपतीत भेटून पैसे हातावर ठेवले. बाकीच्यांचे राहिले ते राहिले. वाण्यानं मात्र खाडा धरला नाही.

आता दुसरी रीत बघू, आधी पैसे घ्यायची. पुण्यात एके काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यात पैसे नव्हते, पण उपकार होते. पुढं मेस आल्या. तिथं पोरगा घरून पैसे घेऊन येतो आणि महिन्याचे आगाऊ भरतो. बाईला पहिल्या तारखेलाच किराण्याचे पैसे मिळतात, वाण्याकडे जावं लागत नाही. पोराला कार्ड मिळतं. आधी सांगून गावी गेला तर खाडे धरले जातात. आपल्याकडच्या मेस बहुतेक अशाच चालतात, आणि ही रीत दोघांच्याही सोयीची आहे.

ह्याच रीतीतून खाडा काढून टाकला की ती कशी दिसते, हे बघायला अमेरिकेत जाऊ. मिकी माऊसवाल्या डिस्ने कंपनीचं फ्लोरिडात प्रचंड उद्यान आहे. तिथं २००५ साली जेवणाची एक योजना सुरू झाली. मुक्कामाला येण्याआधीच सगळ्या जेवणांचे पैसे भरून टाकायचे. मग प्रत्येक ताटामागं तुमच्या खात्यातलं एक जेवण कमी होतं. मुक्काम संपला की त्या रात्री बारा वाजता उरलेली जेवणं रद्द. करोनात ही योजना बंद पडली होती, २०२४ साली पुन्हा सुरू झाली. लोकांना ती आवडते, कारण एकदा पैसे भरले की दर वेळी पाकीट काढावं लागत नाही. पण आधी पैसे आणि खाडा नाही, ह्याचा अर्थ न जेवलेलं जेवण विकणाऱ्याचं. आमच्या मैत्रिणीच्या मनगटावरचा पट्टा ह्याच जातीचा.

आता आपल्या गटाचं. रस्त्याच्या कामावरच्या २२ माणसांचे डबे आपल्या एका गटानं घेतले होते. मुकादम म्हणाला, "बिल पास झालं की देतो." पहिल्या महिन्याचे थोडे पैसे आले. मग पाऊस लागला, काम थांबलं, माणसं गेली आणि फोन लागेनासा झाला. ३८ हजार रुपये बुडाले. तांदूळ, तेल, गॅस गटाच्या कर्जातून आणला होता. त्याचे हप्ते सात जणींनी आपल्या बचतीतून भरले. त्यातल्या एकीनं मुलीच्या क्लासचे पैसे दिले नाहीत. आम्हीही त्या बैठकीला होतो आणि "काम मोठं आहे, घ्या" असं म्हणणाऱ्यांत होतो. ते आमच्या मनातून जात नाही.

आगाऊ पैसे का मागितले नाहीत, असं विचारलं तर उत्तर एकच आलं. "जेवणाचे पैसे आधी मागायला जीभ रेटत नाही." आम्हाला ते कळतं. घरी आलेल्याला आपण पाणी दिल्याशिवाय बोलत नाही. पण पाहुणा वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळं. आगाऊ मागणं म्हणजे लोभ नव्हे. खाडा न धरणं हा लोभ. आगाऊ घ्या आणि खाडा धरा, म्हणजे दोन्हीकडचा हिशेब सरळ राहतो.

समजा २० जण आहेत आणि महिन्याचे ३,००० रुपये. म्हणजे ६०,०००. त्यातले निम्मे पहिल्या तारखेला घेतले तर ३०,००० हातात येतात. त्यात पंधरवड्याचा किराणा रोखीनं येतो. उरलेले सोळा तारखेला घ्यायचे. नाही आले, तर सतरा तारखेला चूल पेटवायची नाही. आदल्या रात्री आठपर्यंत सांगितलं तर खाडा धरायचा, नंतर सांगितलं तर नाही, कारण भाजी चिरून झालेली असते. वही दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांची. त्या गटानं आता हेच नियम केले आहेत. दोन गिऱ्हाइकं गेली, हेही खरं. अकरा राहिली. व्याजाचा नवा रुपया मात्र गेलेला नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं आपली वही उघडून दोन गोष्टी बघाव्यात. आपल्या धंद्यात पहिला रुपया कोण घालतं? आणि खाडा कोणाच्या बाजूनं धरला जातो?

नियम वाचून दाखवले तेव्हा आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या आयशीक ह्या कोण सांगणारा असता तर." आम्ही त्यांना वहीच्या पहिल्या पानावर सही करायला सांगितली. आईच्या भिंतीवरच्या रेघा वहीत उतरवणाऱ्या मुलीचं अक्षर अजून वळणदार आहे.