भरतपूरचा घना : बांध, बंदूक आणि बंदी

१/८
राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव घना हे जगातील नामांकित पक्षीतीर्थांपैकी एक. सुमारे २९ चौरस किलोमीटरांची ही पाणथळ भूमी निसर्गनिर्मित वाटते. प्रत्यक्षात तिच्या इतिहासाच्या प्रत्येक टप्प्यावर माणसाचा हात दिसतो.

२/८
येथे मुळात एक नैसर्गिक खोलगट भाग होता. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पाणी अडवणारा अजान बांध घातला. पानिपतच्या रणातून परतणाऱ्या मराठ्यांना १७६१ मध्ये आश्रय देणारे सूरजमल ते हेच.

३/८
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने येथे लहान बांध, पाट आणि दरवाजे उभारून पाण्याची पातळी ताब्यात आणली. हेतू होता बदकांची शिकार. व्हाइसरॉय आणि राजेरजवाडे यांच्या सन्मानार्थ येथे शिकारी होऊ लागल्या.

४/८
१२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. केवलादेव मंदिराजवळच्या शिलालेखांवर अशा शिकारींची नोंद आजही वाचता येते. तथापि याच शिकारीच्या हौसेपायी हे पाणी राखले गेले, हेही तितकेच खरे.

५/८
स्वातंत्र्यानंतर ही जमीन लागवडीखाली आणण्याची मागणी पुढे आली. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी घना वाचावा म्हणून प्रयत्न केले. १९५६ मध्ये येथे पक्षी अभयारण्य झाले. माजी महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत टिकला. १९८१ मध्ये रामसर यादीत आणि १९८५ मध्ये जागतिक वारशात घनाचा समावेश झाला.

६/८
दरम्यान १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित होऊन गुराढोरांच्या चराईवर बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या येथे म्हशी चारणाऱ्या ग्रामस्थांनी विरोध केला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक ग्रामस्थांचे प्राण गेले.

७/८
पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून अनपेक्षित निष्कर्ष निघाला. म्हशींचे चरणे थांबताच पास्पॅलम जातीच्या गवताने उथळ पाणी व्यापले. माशांना आणि पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला. ज्यांना पक्ष्यांचे शत्रू मानले, त्या म्हशीच पाणी मोकळे ठेवत होत्या. कालांतराने ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली.

८/८
सायबेरियाहून हिवाळ्यासाठी येणारे पांढरेशुभ्र क्रौंच २००२ नंतर येथे दिसले नाहीत. त्यांच्या प्रवासमार्गावरील शिकार हे त्याचे एक प्रमुख कारण. २००४ मध्ये गंभीर नदीवरील पांचना धरणाचे पाणी शेतकऱ्यांच्या विरोधामुळे घनाला मिळाले नाही. पुढे गोवर्धन नाल्यातून आणि चंबळ नदीवरून पाणी आणावे लागले. सूरजमलांच्या काळी बांध घालताच येणारे पाणी आज शेतकरी, शहर आणि पक्षी यांच्यात वाटून घ्यावे लागते. ती वाटणी ठरवताना भोवतालच्या गावांना वगळले, तर काय होते याचे उत्तर १९८२ ने दिलेच आहे.