मुंबईत आपणही परगावचेच होतो

मार्गासनीच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय.

‘बाहेरची माणसं आली आणि आपलं काम गेलं.’ हे वाक्य सध्या नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत कुठल्याही एसटी थांब्यावर ऐकू येतं. गटाच्या बैठकीत तर हप्त्यांचा हिशेब लागायच्या आधी हाच विषय निघतो. काही जणी ताडकन म्हणतात, त्यांना गावात राहूच देऊ नका. काही गप्प बसतात, कारण त्यांच्याच शेतावर लावणीला बाहेरची जोडपी असतात. वाद मिटवायला आज आम्ही बसलेलो नाही. पण हे वाक्य फार जुनं आहे, आणि मुंबईत ते ज्यांच्याबद्दल बोललं जायचं त्यांत आपल्या घरांतले पुरुषही होते. तेवढा इतिहास आज सांगायचा आहे.

आपल्या खोऱ्याची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. पाऊस धो धो, पीक भाताचं एकच, आणि दिवाळीनंतर हाताला काम नाही. म्हणून सासरा मुंबईला, मग दीर, मग नवरा. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, गिरगाव या भागांत कोकण आणि घाटावरची माणसं भरली. सगळ्यात जास्त रत्नागिरीकडची, मग सातारा-पुण्याकडची. उत्तरेकडून विणकर आले, ते मदनपुऱ्यात राहिले. आपल्या माणसाला तिथं ‘घाटी’ म्हणत. आज आपण ‘भैया’ हा शब्द ज्या सुरात म्हणतो, त्याच सुरात. १९६१ च्या जनगणनेत मुंबईत शंभरातले साधारण ४३ जण मराठी बोलणारे होते. म्हणजे ते शहर कधीच एकाचं नव्हतं.

काम मिळायचं कसं? गिरणीच्या दारात सकाळी बदली कामगारांची गर्दी उभी राहायची. जॉबर बाहेर यायचा आणि बोटानं माणसं उचलायचा. त्याला दस्तुरी द्यावी लागे. बायकांच्या खात्यांवर, म्हणजे कांड्या आणि रीळ भरायच्या कामावर, नायकीण असे. जॉबर आपल्या गावचा असला तर आत, नाहीतर घरी. गावकीची खोली असायची, एकेका खोलीत आळीपाळीनं झोपणारे वीस-पंचवीस जण. कुणाच्या तरी बायकोनं चालवलेली खानावळ असायची. (याच खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात गोळा केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गट हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिच्यावर एकदा वेगळं बोलू.) डबेवाले पाहा. मुळशी, मावळ, खेडपासून जुन्नरपर्यंतच्या गावांतली माणसं, आणि नवा माणूस घ्यायचा तर तो ओळखीतलाच. त्याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण बाहेरच्याला दार बंद, हे तिथं आपणच केलेलं आहे.

आता १९२९ सालाकडे या. त्याच्या आदल्या वर्षी गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला होता. तो मिटतो न मिटतो तोच डिसेंबरात शिवडीकडच्या तेल कंपन्यांचे कामगार संपावर गेले. कंपन्यांनी त्यांच्या जागी पठाण मजूर आणले. पठाण म्हणजे पार वायव्य सरहद्दीकडून आलेली गरीब माणसं. त्यांतले काही व्याजानं पैसे द्यायचे, त्यामुळे कामगारांच्या मनात राग आधीच होता. संपकरी आणि पठाण यांच्यात मारामाऱ्या सुरू झाल्या. त्यातच पठाण मुलं पळवतात अशी अफवा उठली, आणि फेब्रुवारीत शहर पेटलं. शंभराहून जास्त माणसं मेली. दंगल हिंदू-मुसलमानांची झाली म्हणून लोकांच्या लक्षात राहिली. सुरुवातीला काय होतं? एक संप होता, आणि तो मोडायला आणलेला एक स्वस्त मजूर होता. दगड पठाणाला लागला, संपकऱ्याला लागला. माणसं कुणी आणली, हे विचारायला गर्दीला वेळ नव्हता.

हाच प्रश्न मुंबईत दुसऱ्या एका ठिकाणी सुटला, आणि तो आपल्याच लोकांनी सोडवला. तो जरा सविस्तर सांगतो, कारण भोर-वेल्ह्यातल्या पुष्कळ घरांचं पोट त्यावर भरलं आहे.

माथाडी म्हणजे पाठीवर, डोक्यावर ओझं वाहणारा. मशीद बंदरच्या बाजारात गोणी उतरवणारा हमाल कुणाचा नोकर होता? कुणाचाच नाही. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. टोळीचा मुकादम ठरवेल ती मजुरी. पाठ मोडली तर उपचार नाही, म्हातारपणी काही नाही. आणि टोळीनं दर वाढवून मागितला की व्यापारी दुसऱ्या टोळीला हाक मारायचा. गावाकडून आलेला नवा माणूस कमी पैशांतही तयार असायचा, कारण त्याला त्या दिवशी खायला हवं असायचं. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील, स्वतः हमाली केलेले, त्यांनी या माणसांची युनियन बांधली. १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला.

त्या कायद्यातली युक्ती समजून घ्या. हमालाचं नाव मंडळाच्या नोंदवहीत, व्यापाऱ्याचं नावही नोंदवहीत. व्यापाऱ्यानं मजुरी हमालाच्या किंवा मुकादमाच्या हातात द्यायची नाही, मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची. मंडळ हमालाला पगार देणार आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना बघणार. त्यामुळे आलेला माणूस साताऱ्याचा आहे की आजमगडचा, यानं व्यापाऱ्याचा एक पैसाही वाचत नाही. दर एकच. मग तो बाहेरचा कशाला शोधेल? नोंदणी नसलेल्या माणसांकडून काम करून घेण्याच्या तक्रारी आजही होतात, आणि त्या नोंदवह्यांत बायकांची नावं फारशी कधी आली नाहीत, हेही सांगायला हवं. पण एका अशिक्षित, पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला म्हातारपणी हातात पैसा आला, मुलं शिकली, गावाकडे घर झालं, ते या नोंदवहीमुळे.

त्याच काळात मुंबईत दुसरी मागणी उठली होती. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, आणि ऑफिसांतल्या नोकऱ्या दक्षिणेकडच्या लोकांना मिळतात, मराठी मुलगा दारातच राहतो, हा राग तिनं बोलून दाखवला. त्या रागात तथ्य होतं. राज्य आपलं झालं १९६० मध्ये, पण साहेबाच्या ओळखीनं साहेबाच्याच गावचा टायपिस्ट लागायचा. गिरणीच्या जॉबरसारखंच ते. पुढे सरकारनं धोरण केलं, उद्योगांत ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना. त्यातून बऱ्याच जणांना नोकऱ्या मिळाल्या.

पण आपल्या माणसांचा सगळ्यात मोठा रोजगार ज्या गिरण्यांत होता, त्या गेल्या त्या मद्रासहून आलेल्या कुणामुळे नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. कापड आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकत होतं, कारण तिथं युनियन नव्हती, पगार कमी होता आणि पाळी बारा तासांची होती. भिवंडीच्या मागांवर पुष्कळसे उत्तर प्रदेशातले मजूर होते. त्यांनी लालबागच्या कामगाराची जागा घेतली असं म्हणता येईल. पण काम त्यांच्याकडे गेलं ते ते जास्त हुशार किंवा जास्त कष्टाळू होते म्हणून नव्हे. त्यांना कमी देता येत होतं, म्हणून. परळचे गिरणीवाले पुढे जमिनीचे मालक म्हणून कमवत राहिले. आपले लोक गावी परतले. कितीतरी घरांत तेव्हापासून बाईच्याच मजुरीवर चूल पेटली.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. हायवेलगतच्या एका गोदामात आमच्या गटांतल्या काही जणी भाजी निवडून पॅकिंग करायच्या. गेल्या दिवाळीनंतर ठेकेदारानं त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्यांच्या जागी बाहेरून जोडपी आली. राग आला, येणारच. संक्रांतीला आम्ही त्या नव्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. चौघी आल्या. दोघी परभणीकडच्या, दोघी मध्य प्रदेशातल्या. रोज किती मिळतो, असं विचारलं, तर एकीलाही आकडा सांगता आला नाही. हिशेब मुकादमाकडे. येताना उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत जायचं नाही. गोदामाच्या मागं पत्र्याच्या खोल्या, त्यामुळे गाडी रात्री दहाला आली तरी उठून काम. आणि त्यांना सांगितलं होतं की इथल्या बाया आळशी आहेत, कामाला येत नाहीत, म्हणून तुम्हाला आणलं. आमच्या सुमनवहिनी ते ऐकून तिळगूळ हातात तसाच धरून बसल्या.

उचल ही गाठ काही आजची नाही. १८३५ मध्ये इंग्रजांनी मॉरिशस बेटावर गुलामगिरी बंद केली. सुटलेले गुलाम उसाच्या मळ्यांत आता बरी मजुरी मागतील, ही मळेवाल्यांना भीती. म्हणून १८३४ पासूनच त्यांनी करार करून हिंदुस्थानातून मजूर न्यायला सुरुवात केली. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ ५ लाख माणसं गेली. त्यांत आपल्या घाटाखालच्या कोकणातलीही होती, आणि त्यांची पतवंडं आजही तिथं मराठी म्हणून ओळखली जातात. करार असा, की एक दिवस कामाला नाही आलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ऊसतोडीच्या टोळ्यांत आज खाडा म्हणतात तो हाच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून गर्भाशयं काढून घेतल्याचं २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. बांधलेला माणूस कमी पैशांत राबतो, आणि त्याच्या शेजारी मोकळ्या माणसाला काम मिळत नाही. मॉरिशसला सुटलेल्या गुलामांचं तेच झालं, मळ्यांतून ते बाजूला पडले.

बैठकीत एकीनं विचारलं, मग बाहेरच्यांना बंदीच केली तर? आपल्या राज्यघटनेत कुणालाही देशात कुठंही जाऊन काम करायचा हक्क आहे, ते एक. पण अमेरिकेनं असा प्रयोग करून पाहिलेला आहे. १९४२ पासून तिथं मेक्सिकोतले शेतमजूर करारावर यायचे, बावीस वर्षांत ४५ लाखांहून जास्त करार झाले. आपल्या मजुराचा दर पडतो म्हणून १९६४ च्या शेवटी सरकारनं ती योजना बंद केली. नंतर अभ्यासकांनी जुने आकडे तपासले, तर अमेरिकन शेतमजुराची मजुरी त्यामुळे वाढल्याचं दिसलं नाही. कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोवाल्यांनी तोडणीचं यंत्र आणलं. ऊसतोडीची यंत्रं आपल्याकडेही फिरताना तुम्ही पाहिलीच असतील.

कायद्यात मात्र एक गोष्ट होती. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं सांगितलं होतं, की ठेकेदारानं परराज्यातून आणलेल्या मजुराला स्थानिकाइतकीच मजुरी द्यायची, वर येण्याजाण्याचं भाडं आणि विस्थापन भत्ता. नीट पाळला असता तर बाहेरचा मजूर महाग पडला असता. तो फार कमी ठिकाणी पाळला गेला. आता तो २०२० च्या कामगार संहितेत मिसळला आहे आणि विस्थापन भत्ता त्यातून गेला आहे. त्याच्याआधी, १९७६ मध्ये, समान वेतनाचा कायदा आला होता, बाई आणि पुरुषाला सारख्या कामाला सारखी मजुरी. लावणीला आपल्याला किती देतात आणि गड्याला किती, ते तुम्ही जाणता. गावातल्या गावात ‘स्वस्त मजूर’ म्हणून आपणही वापरल्या जातोच.

गोदामाच्या ठेकेदाराकडे आम्ही हजेरीपट आणि मजुरीचा दर लिहून मागितला आहे, इथल्या आणि तिथल्या सगळ्या बायकांचा मिळून एक अर्ज. उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान त्या परभणीकडच्या दोघींनी विचारलं आहे, आम्हाला तुमच्या गटात बचत करता येईल का? महिन्याला १०० रुपये टाकू म्हणतात. आमच्या गटाच्या नियमावलीत सभासद ‘गावची कायम रहिवासी’ असावी, असं लिहिलेलं आहे. काही जणी म्हणतात नियम बदला, काही म्हणतात पैसे घेऊन उद्या निघून गेल्या तर कर्ज कोण फेडणार? दोन्ही बाजूंनी जोर आहे. येत्या मंगळवारी दुपारी तीनला बैठक आहे, सगळ्यांनी यायचं आहे, आणि त्या दोघींनाही बोलावलेलं आहे.