राजगृह: ग्रंथांसाठी बांधलेले घर

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतत असता, त्यांचे ग्रंथ घेऊन निघालेले वेगळे जहाज महायुद्धात बुडाले. संग्रह पुन्हा उभा राहिला. परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत संसार आणि पुस्तके मावेनात. १९३० च्या दशकाच्या आरंभी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले गेले. नाव प्राचीन मगधाच्या राजधानीचे. तळमजल्यावर कुटुंबाचे बिऱ्हाड, वर ग्रंथालय आणि कार्यालय. आज ज्याला ‘होम ऑफिस’ म्हणतात, तो घरातला एखादा कोपरा असतो. इथे अख्खा मजलाच अभ्यासाचा, आणि सजावट म्हणावी तर ग्रंथांनी भरलेली कपाटे! या ग्रंथप्रेमाची किंमतही मोठी होती. ‘चार मिनार’ ही त्यांची दुसरी इमारत १९४१ मध्ये कर्जफेड आणि ग्रंथखरेदीसाठी विकावी लागली. राजगृह मात्र त्यांनी राखले.