स्केअरक्रो

अमेरिकन गायक-गीतकार जॉन कूगर मेलेनकँप यांचा आठवा स्टुडिओ अल्बम (१९८५). अमेरिकेच्या मध्य भागातील कामगार, शेतकरी आणि लहान गावे यांचे जगणे सरळ, ठसकेबाज चालींत मांडणाऱ्या ‘हार्टलँड रॉक’ या प्रकारातील तो एक प्रमुख अल्बम आहे.

मेलेनकँप यांचा जन्म इंडियाना राज्यातील सीमोर या गावचा (१९५१). ध्वनिमुद्रणही इंडियानातच, बेलमाँट येथे झाले. निर्मितीत डॉन गेमन यांचा सहभाग होता. ध्वनिमुद्रणाआधी मेलेनकँप यांनी वादकांकडून साठच्या दशकातील जुन्या गाण्यांची कसून तालीम करून घेतली होती. केनी अ‍ॅरोनॉफ यांच्या ड्रमच्या ठोक्यांत ती मेहनत जाणवते. एक लहानसे जुने गीत मेलेनकँप यांच्या आजीने गायले आहे.

अल्बमला पार्श्वभूमी आहे ती शेतीसंकटाची. सत्तरच्या दशकात जमिनीचे भाव चढत होते, तेव्हा शेतकऱ्यांनी मोठी कर्जे उचलली. पुढे व्याजदर भडकले, १९८० मध्ये सोव्हिएत संघाला होणाऱ्या धान्यविक्रीवर निर्बंध आले, जमिनीचे भाव कोसळले आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते लिलावात निघाली. जॉर्ज ग्रीन यांच्यासह लिहिलेल्या ‘रेन ऑन द स्केअरक्रो’मध्ये हीच कहाणी आहे. त्यात लिलाव पुकारायला बोलावलेला माणूस शेतकऱ्याचा जुना मित्रच असतो. कर्जबाजारीपणाचे इतके नेमके आणि संतप्त चित्र तेव्हाच्या लोकप्रिय रॉकमध्ये दुर्मीळच होते.

श्रोत्यांनी अल्बम उचलून धरला. बिलबोर्डच्या अल्बम-यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला आणि अमेरिकेत ५० लाख प्रतींचा टप्पा त्याने गाठला. ‘लोन्ली ओल’ नाइट’ व ‘स्मॉल टाउन’ ही गाणी सहाव्या, तर ‘आर.ओ.सी.के. इन द यू.एस.ए.’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. ‘रेन ऑन द स्केअरक्रो’ मात्र २१ व्या क्रमांकावर थांबले. तरीही अल्बमचा खरा गाभा तेच गाणे आहे. ते नसते तर उरलेली गाणी गावाकडच्या सुखद आठवणींपुरती राहिली असती.

२२ सप्टेंबर १९८५ रोजी गायक विली नेल्सन, नील यंग आणि मेलेनकँप यांनी इलिनॉय राज्यातील शँपेन येथे शेतकऱ्यांच्या मदतीसाठी ‘फार्म एड’ची पहिली मैफल भरवली. १९८७ मध्ये नेल्सन आणि मेलेनकँप यांनी शेतकऱ्यांना घेऊन अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली. त्याच वर्षी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना जप्तीपासून दिलासा देणारा कृषी पतपुरवठा कायदा संमत झाला.