मुंबईतील गर्भिणींचा रक्तक्षय आणि डॉ. ल्यूसी विल्स यांचे संशोधन

गर्भावस्थेत व प्रसूतीनंतर होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाविषयी विल्यम ऑस्लर यांनी १९१९ मध्ये लेख लिहिला. पाश्चात्त्य वैद्यकात हा विकार क्वचित आढळणारा समजला जाई. मुंबईतील गरीब स्त्रियांत, विशेषतः कापड गिरण्यांतील कामगारांत, मात्र तो वारंवार दिसे आणि पुष्कळदा प्राणघातक ठरे. तेव्हा 'दुर्मिळ' हे विशेषण रोगाचे की पाहणाऱ्याच्या स्थानाचे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या सूचनेवरून ल्यूसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या. मातामृत्यूंच्या चौकशीचा एक भाग म्हणून परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केले. त्यांची दृष्टी रक्ताच्या नमुन्यापुरती मर्यादित राहिली नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली आणि ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली. अत्यंत गरीब मुस्लिम स्त्रियांच्या आहारात भाजीपाला, फळे व प्रथिने यांची उणीव होती. रोगाचे मूळ त्यांना येथेच दिसू लागले.

पुढील मार्ग सरळ नव्हता. उंदरांवरील प्रयोगांत उवांमुळे पसरणाऱ्या संसर्गाने निष्कर्षांचा गोंधळ झाला. म्हणून विल्स माकडांकडे वळल्या. निकृष्ट आहाराने रक्तक्षय झालेल्या माकडांना मार्माइट या यीस्टच्या अर्काने उतार पडला. रुग्ण स्त्रियांनाही त्याचा गुण येतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यकृताचा उपचार मायनट व मर्फी यांनी १९२६ मध्येच मांडला होता, पण तो गरिबांना परवडणारा नव्हता. शिवाय घातक रक्तक्षयावर गुणकारी असलेला शुद्ध यकृत अर्क या रक्तक्षयावर निष्फळ, तर अशुद्ध अर्क प्रभावी ठरतो, असे विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे आढळले. म्हणजे हा घटक निराळाच होता.

त्यास काही काळ 'विल्स घटक' असे म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले. १९४५ मध्ये त्याचे संश्लेषण झाले, आणि त्या कार्यात भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा महत्त्वाचा वाटा होता. भारत सरकारने १९७० मध्ये सुरू केलेल्या पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधक कार्यक्रमात गर्भवतींना लोहासोबत हेच फॉलिक आम्ल देण्यात येऊ लागले.