काटोलची उल्का : शेतात असा दगड सापडला तर काय करायचं?

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात मोठा आवाज होऊन आभाळातून दगड पडले. एक तर घराचं छप्पर फोडून आत आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यातले बरेच तुकडे गोळा केले.

ओळख : वरून जळकी काळी पातळ साल, आतून राखाडी, आकाराच्या मानाने जड, बहुतेक वेळा चुंबक चिकटतो.

सापडला की लगेच उचलू नका. आधी जागेचा फोटो आणि मोबाईलवर लोकेशन घ्या. जड तुकडे पुढे जातात, हलके मागे पडतात. म्हणून जागा कळली तरच बाकीचे शोधता येतात.

धुवू नका, फोडू नका. आतल्या लोखंडाला गंज चढतो. कोरडा ठेवा आणि तहसील कार्यालयात कळवा.